मी पाठवलेला अंगठा

ऑफिसच्या आयटी डिपार्टमेंटचे मेल तुम्ही वाचता? खरं सांगा हं. मी तर नाही वाचायचे. 'पासवर्ड बदला', 'रविवारी सर्व्हर बंद राहील', 'तिसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर...' असले मेल उघडायच्या आधीच बोट डिलीटवर जायचं. त्यात मी पडले फ्रीलान्सर. मास कॉम केल्यापासून एका कंपनीचं न्यूजलेटर, दुसऱ्या कुणाच्या वेबसाइटचा मजकूर आणि मधूनच मनासारखा एखादा लेख, अशी आपली खिचडी शिजतेय. न्यूजलेटरवाल्या कंपनीने त्यांच्या नावाचा मेल आयडी दिलाय. आयडी आला की मागोमाग आयटीवाले आलेच!

तर गेल्या वर्षी मार्चमध्ये त्यांचा मेल आला. 'सर्वांनी शुक्रवारपर्यंत आपल्या आउटलुकमध्ये रिपोर्टिंगचं ॲड-इन बसवून घ्यावं. संशयास्पद मेल आल्यास त्या बटणाने कळवावं. इन्स्टॉल करण्यासाठी खालच्या लिंकवर क्लिक करा.'

एरवी गेला असता तोही कचऱ्यात. पण त्या दिवशी मी मुंबईत नव्हते. धर्माबादला, काकांच्या आडत दुकानात, मिरचीच्या खकाण्यात शिंकत बसले होते. आणि तो मेल मी तीनदा वाचला.

धर्माबाद कुठे आलं, असं मुंबईत कुणी विचारलं की मी सांगते, देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसायचं आणि नांदेड आलं तरी उतरायचं नाही. मुदखेड, उमरी आणि मग आमचं गाव. त्याच्या पुढे सरस्वतीचं बासर, म्हणजे तेलंगणच. आमच्याकडे भाजीवाली मराठीत भाव सांगते आणि तेलुगूत पैसे मोजते. बाहेरच्यांना गाव माहीत असतं ते दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे बाभळीचा बंधारा. २०१० साली त्याच्याविरुद्धच्या आंदोलनात चंद्राबाबू नायडूंना अटक झाली, तेव्हा त्यांना आमच्या गावच्या आयटीआयमध्ये ठेवलं होतं. आणि दुसरी, लाल मिरची. सीझनमध्ये मोंढ्यात पाय ठेवला की डोळ्यांतून पाणी येतं. पाहुण्यांच्या. आमच्या लोकांना काही होत नाही. मला मात्र हल्ली होतं. काकू म्हणते, मुंबईचं पाणी लागलं.

मी सुट्टीवर आले नव्हते. काकांनी बोलावलंही नव्हतं. काकूने फोन केला होता, "दोन दिवस झाले, हे नीट जेवूनच नाही राहिलेत. तू ये बाई एकदा."

झालं होतं असं. काकांचा आडतीचा धंदा तसा जुन्या पद्धतीचा. शेतकरी माल आणतो, सौदा होतो, काटा होतो, पट्टी बनते. शेतकऱ्याला पैसे लगेच द्यायचे, खरेदीदाराकडून ते मागाहून येणार, अशी रीत. मधल्या दिवसांचा भार आडत्याच्या खिशावर. पण बिलं गेली काही वर्षं मेलने जातात. पुण्याकडच्या एका मसालेवाल्यांना काका नेहमी माल देतात. ते म्हणाले बिल मेलवर पाठवा, तेव्हा मीच काकांना जीमेलचा आयडी उघडून दिला होता. पासवर्ड? गावाचं नाव आणि काकांचं जन्मवर्ष. तोही मीच ठरवलेला. हसू नका, तुमचाही असाच काहीतरी असेल.

फेब्रुवारीतल्या मालाचं बिल होतं ४ लाख १२ हजारांचं. शेतकऱ्यांच्या पट्ट्या काकांनी केव्हाच चुकत्या केल्या होत्या. पुण्याहून पैसे येईनात. काकांनी चार दिवस वाट पाहिली आणि सोमवारी फोन केला. तिकडचे अकाउंटंट म्हणाले, "शेठ, गुरुवारीच आरटीजीएस केलंय की! तुमच्या नव्या खात्यात."

नवं खातं कुठलं? काकांनी कधीच कुठलं नवं खातं उघडलं नव्हतं.

मेल मात्र काकांच्याच आयडीवरून गेला होता. तेच बिल, तोच नंबर, दुकानाचा तोच शिक्का. बदलला होता फक्त खाते क्रमांक आणि बँकेचं नाव. खाली दोन ओळी, 'ऑडिटमुळे जुनं खातं सध्या बंद आहे, कृपया नवीन खात्यात पेमेंट करावे.' मुनीमजी शपथेवर सांगत होते, हे मी पाठवलंच नाही. आणि ते खरंच बोलत होते.

मी धर्माबादला पोचले तोवर पुण्याच्या अकाउंटंटनी १९३० ला फोन लावून तक्रार नोंदवली होती. हा नंबर माहीत आहे ना? २०२१ मध्ये १५५२६० या नंबरावर सुरू झालेली सायबर फसवणुकीची ही राष्ट्रीय हेल्पलाइन २०२२ पासून १९३० वर चालते. ऑनलाइन पैसे गेले की पहिला फोन इथे. तुम्ही व्यवहाराचा नंबर सांगता, तो सिस्टिममधून बँकांपर्यंत जातो आणि पैसे ज्या ज्या खात्यांत सरकलेत तिथे उरलेली रक्कम अडकवून ठेवता येते. 'उरलेली' हा शब्द महत्त्वाचा. गुरुवारपासून सोमवारपर्यंत चार दिवस म्हणजे या चोरांसाठी चार वर्षं! सापडले फक्त ८३ हजार. बाकीचे कुठल्या कुठे गेले होते.

काका गादीवर बसून होते. समोर चहा थंड झालेला. मी पाया पडले तर म्हणाले, "आलीस? बस. ते कंप्युटर बघ जरा."

मी बसले. लॅपटॉप नाही, दुकानातला जुना कंप्युटर, कीबोर्डच्या फटींत मिरचीचं बी. जीमेल उघडलं. पाठवलेल्या मेलमध्ये तो मेल नव्हता, कारण पाठवणाऱ्याने तो पुसला होता. पण सेटिंगमध्ये फिल्टर नावाचा एक कोपरा असतो, तिथे गेले आणि पोटात गोळा आला. कुणीतरी तिथे एक नियम लावून ठेवला होता. पुण्याच्या कंपनीकडून काहीही आलं की ते इनबॉक्समध्ये न दाखवता परस्पर बाजूला टाकायचं. म्हणजे पुण्याहून 'खातं बदललं का?' असं विचारणारा मेल आला होता, त्याला 'होय' असं उत्तरही गेलं होतं, आणि काकांना या सगळ्याचा पत्ताच नव्हता. जवळजवळ तीन आठवडे कुणीतरी अनोळखी माणूस काकांच्या शेजारी गादीवर बसून त्यांची पत्रं वाचत होता.

मग तो आत आला कुठून? ते शोधायला मी मागे मागे गेले आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीचा एक इंग्रजी मेल सापडला. 'तुमचा मेलबॉक्स भरला आहे. २४ तासांत पासवर्ड कन्फर्म करा, नाहीतर खातं बंद होईल.' खाली निळं बटण. पाठवणाऱ्याचा पत्ता बघितला तर त्यात गूगलचा मागमूस नाही, भलतंच लांबलचक काहीतरी.

हा मेल मी आधी कुठेतरी पाहिलाय, असं मला वाटलं. कुठे ते आठवायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

व्हॉट्सॲप उघडलं. काकांचं चॅट. फेब्रुवारीतला तो दिवस. त्याच मेलचा स्क्रीनवरून काढलेला हलका फोटो आणि खाली काकांचा मेसेज, 'हे करावं का?' त्याखाली मी पाठवलेला अंगठा. वर केलेला, पिवळाधमक, एकदम ओके.

मला तो दिवसही आठवला. ठाण्याहून लोकल पकडली होती, संध्याकाळी सहाची डेडलाइन, एका हाताने वरची कडी धरलेली. फोटो मी उघडलासुद्धा नव्हता. मेलबॉक्स फुल वगैरे काहीतरी दिसलं, वाटलं, करतायत साफसफाई, करू देत. अंगठा दाबला, संपलं.

आता ऐका. माझं कामच तपासून बघण्याचं आहे. कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवलं होतं, बातमी दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय द्यायची नाही. एखाद्या मंत्र्याच्या आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ मी दोनदा तपासते. आणि ज्या माणसाने माझ्या कॉलेजची फी भरली, त्याच्या प्रश्नाला मी न वाचता अंगठा दाखवला.

त्या दिवशी मी काकांना काही बोलले नाही. हे लिहायलाही लाज वाटतेय, पण नाही बोलले. पासवर्ड बदलला, तो फिल्टर काढून टाकला, बाकी सगळ्या मशीनवरून खातं साइन-आउट केलं, टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावलं. दुसऱ्या दिवशी काकांबरोबर नांदेडला सायबर पोलिसांकडे गेले, मेलचे प्रिंट दिले. खूप कामं केली. खूप कामं केली की बोलावं लागत नाही.

आणि नेमका तिसऱ्या दिवशी आयटीवाल्यांचा तो मेल. 'खालच्या लिंकवर क्लिक करा.'

मी मनात म्हटलं, वा! फिशिंग कळवायचं बटण बसवायला सांगणारा मेलच फिशिंगचा असेल तर? शुक्रवारची मुदत, घाई, लिंक... सगळी लक्षणं तीच. लिंकवर क्लिक नाही केलं. मेलमधल्या नंबरवरही फोन नाही केला. माझ्या जुन्या कॉन्ट्रॅक्टवर ऑफिसचा नंबर होता तो लावला आणि आयटीतल्या माणसाला विचारलं, हे तुम्हीच पाठवलंय का? तो हसायला लागला. "आम्हीच पाठवलंय मॅडम. पण फोन करून विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"आणि बाकीच्यांनी?"

"बाकीच्यांनी क्लिक केलं."

मग त्याने सांगितलं तसं मी लिंकशिवाय, सरळ आउटलुकमधूनच ते बसवलं. ॲड-इन्सच्या यादीत जायचं, नाव शोधायचं, 'ॲड' म्हणायचं. हे मेल वाचायची परवानगी मागतं, ती का लागते तेही वाचायचं. दुकानात रेंज नव्हती, म्हणून गच्चीवर गेले, तिथे लाइट गेल्यामुळे वायफाय गेलं, मग मोबाइलच्या नेटवर... पण प्रत्यक्ष काम दोन मिनिटांचं. आउटलुक बंद करून पुन्हा उघडलं तर वरच्या पट्टीत एक छोटंसं बटण येऊन बसलं होतं. नव्या आउटलुकमध्ये तर असं बटण आधीपासूनच दिलेलं असतं.

मी आयटीवाल्याला विचारलं, नुसता फॉरवर्ड केला मेल तर नाही चालणार का? तो म्हणाला, फॉरवर्ड केला की मेलचं वरचं कव्हर बदलतं. मेल कुठल्या सर्व्हरवरून निघाला, कुठून कुठून फिरत आला, हा सगळा तपशील मूळ मेलला चिकटलेला असतो आणि फॉरवर्ड करताना तो गळून जातो. बटण दाबलं की मूळ मेल जसाच्या तसा सिक्युरिटी टीमकडे जातो. मग तसाच मेल अजून कुणाकुणाला आलाय ते त्यांना शोधता येतं, आणि लोकांनी उघडायच्या आत त्यांच्या इनबॉक्समधून काढूनही टाकता येतो. "एकाने कळवलं ना मॅडम, तरी बाकीचे वाचतात."

हे वाक्य ऐकून मी गच्चीवर तशीच उभी राहिले. खाली मोंढ्यात मिरचीचे ढीग, हमालांची ये-जा, ट्रक. एवढी आडत दुकानं. यातल्या कुणाकुणाला तो 'मेलबॉक्स भरला' आला असेल?

काकांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मोंढ्यात पत असते, आणि पतीवर धंदा चालतो. फलाण्याचे चार लाख कंप्युटरवरून गेले म्हटल्यावर उद्या शेतकरी आपली गाडी शेजारच्या दुकानापुढे लावणार. पोलिसांकडे जातानासुद्धा त्यांनी मुनीमजींना सांगून ठेवलं होतं, कुणी विचारलं तर दवाखान्यात गेलेत म्हणा.

रात्री जेवण झाल्यावर मी खाली आले आणि काकांना सगळं सांगितलं. आधी माझा अंगठा. फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा लावला, फोटो बघितला, मेसेज वाचला. बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, "मी तुला विचारलो होतो की माय."

"हो काका."

"मला वाटलं, तू बघितलीस."

बस, एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं. काकू आतून भांडी घासता घासता थांबली होती, ते मला न बघताही कळलं.

थोड्या वेळाने त्यांनीच विषय बदलला. "ते बटण माझ्या मेलला बसव."

"ते ऑफिसच्या मेलला बसतं काका. तुमचं जीमेल आहे. पण जीमेलमध्ये ते आधीपासूनच असतं. कंप्युटरवर मेल उघडला की उजव्या कोपऱ्यात तीन टिंबं दिसतात ना, तिथे दाबायचं. 'रिपोर्ट फिशिंग' असं लिहिलेलं येतं."

"म्हणजे होतंच?"

"होतंच."

"मग सांगावं की नाही कुणी."

बरोबर होतं त्यांचं. मी आयडी उघडून दिला, पासवर्ड ठरवून दिला, बिल अटॅच करायला शिकवलं. गाडी चालवायला शिकवली आणि ब्रेक कुठे आहे ते सांगायचं राहिलं.

मग मी त्यांना मोठ्या लोकांच्या गोष्टी सांगितल्या. लाज वाटायचं कारण नाही म्हणून. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली. हॅकर्सनी बँकेच्या एटीएमच्या यंत्रणेत शिरकाव केला आणि बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टाने ११ जणांना दोषी ठरवलं. अहो, बाहेरचं कशाला, आपल्या नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेचे सुमारे साडेचौदा कोटी रुपये जानेवारी २०२१ मध्ये असेच ऑनलाइन वळवले गेले होते. फिशिंग हा शब्दच १९९०च्या दशकातला आहे, म्हणजे हा धंदा माझ्याइतका जुना आहे. दिल्ली हायकोर्टाने २००५ मध्येच नॅसकॉमच्या खटल्यात फिशिंग बेकायदा असल्याचं म्हटलंय. आयटी कायद्याच्या ६६ ड कलमाखाली तोतयेगिरी करून फसवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बँकांच्या नावाने खोट्या वेबसाइट इतक्या झाल्या की रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सगळ्या बँकांना 'डॉट बँक डॉट इन' असा वेगळा पत्ता घ्यायला लावला.

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या बँकांनी सांगितलं का पण लोकांना?"

"सांगावं लागलं काका. पेपरातच आलं होतं."

"हूं," म्हणाले आणि झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोंढ्यात सौद्याच्या आधीचा चहा चालला होता. मी दुकानाच्या पायरीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. काका चहाच्या घोळक्यात गेले. काय बोलले ते सुरुवातीला ऐकू आलं नाही. मग बोलणी थांबली. एकाने ग्लास खाली ठेवला. दुसऱ्याने खिशातून मोबाइल काढला. थोड्या वेळाने काकांनी मला हाक मारली, "ये गं, हे बघ जरा."

तीन मोबाइल माझ्यापुढे आले. दोघांना अगदी तोच मेल आला होता, निळ्या बटणासकट. एकाने उघडला नव्हता, कारण त्याला इंग्रजी वाचायचा कंटाळा. दुसऱ्याच्या मुलाने बटण दाबून पासवर्ड टाकला होता, आणि दहा दिवसांनी त्यांना हैदराबादच्या एका पार्टीकडून नऊ लाख यायचे होते. आम्ही त्यांच्या दुकानात जाऊन सेटिंग उघडलं. फिल्टर होता! मी तो काढला, पासवर्ड बदलला, आणि त्यांनी लगेच हैदराबादला फोन लावून तेलुगूत सांगितलं की मेलवर काहीही आलं तरी खातं बदललेलं नाही, पैसे जुन्याच खात्यात टाका, आणि टाकायच्या आधी फोन करा.

काकांची पत गेली का? दोन-तीन शेतकऱ्यांनी त्या सीझनला गाडी दुसरीकडे लावली, हे खरं आहे. त्यामागे हे कारण होतं की भाव, ते काका सांगत नाहीत. पुण्याच्या पार्टीबरोबर बऱ्याच फोनाफोनीनंतर नुकसान अर्धं-अर्धं वाटून घ्यायचं ठरलं. अडकवलेले ८३ हजार कोर्टाच्या आदेशानंतर, काही महिन्यांनी परत मिळाले. त्यातले अर्धे काकांचे. उरलेली भर काकांनी कशी घातली ते मला माहीत आहे. काकूच्या हातात आता दोन पाटल्या नाहीत. मी दर महिन्याला थोडे पैसे पाठवते. काका पहिल्यांदा नको म्हणाले. नंतर काकूने घ्यायला सुरुवात केली, त्यांना न सांगता. अर्थात त्यांना ते माहीत आहेच.

मुंबईला परत आल्यावर महिन्याभरात एक मेल आला, 'तुमचं पार्सल अडकलंय, पत्ता कन्फर्म करा.' मी बटण दाबलं. क्षणात स्क्रीनवर आलं, 'अभिनंदन! ही आयटी विभागाची चाचणी होती.' म्हटलं, घ्या! शाळेत असताना निबंधाला मिळाला नव्हता एवढा आनंद झाला.

काकांनी मात्र एक नियम केलाय. मला स्क्रीनचा फोटो पाठवतात आणि खाली लिहितात, 'अंगठा पाठवू नको. फोन कर.' परवा मीटिंग चालू असताना असाच फोटो आला, 'आज रात्री वीज तोडली जाईल, या नंबरवर संपर्क करा' असा मेसेज होता. क्लायंट समोर स्लाइड दाखवत होता. मी 'एक मिनिट' म्हणून बाहेर आले, पॅसेजमध्ये उभी राहिले आणि फोटो मोठा करून पहिल्या अक्षरापासून वाचायला लागले.